शेवळाची जुडी कुठल्या विषयात बसते?

मृगाचा पाऊस दोन दिवस पडून उघडला होता. शहापूरच्या स्टँडवर किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला जाणारी एसटी लागली आणि मी खिडकी धरून बसलो. गाडी सुटता सुटता एक बाई छत्री झटकत चढल्या आणि मला बघून थांबल्या. "सर! इथे बसू का?" आवाजावरून ओळखलं. माझी विद्यार्थिनी. टोकावड्याकडच्या ठाकूरवाडीतून येऊन शहापूरला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहिली, माझ्याकडे अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली, पुढे एम.ए., नेट. आता मुरबाड तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नव्या अभ्यासक्रमाच्या कार्यशाळेहून घरी निघाली होती. मांडीवर फाइल, फाइलच्या पहिल्याच पानावर तो चौकटींचा तक्ता: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस.

मी शहापूरला ३१ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. विषयांच्या भिंती पडाव्यात असं मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून वाटत आलं आहे. म्हणून मोठ्या उत्साहाने विचारलं, "मग? काय म्हणतो तक्ता?"

"तक्ता चांगला आहे, सर. शिकवायला माणसं नाहीत."

"माणसं मिळतील गं. आधी रचना तर बदलू दे. तुला काय निवडता आलं होतं, आठवतं? सांख्यिकीचा पेपर आला की तू मागची पानं भरून गणितं करायचीस. मीच तपासायचो. पण अकरावीला कला घेतलीस आणि गणित कायमचं सुटलं. असं पुन्हा कुणाचं होऊ नये, एवढंच तर हे धोरण म्हणतंय."

हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० ला आलं. महाराष्ट्राने एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय काढून क्रेडिटची चौकट ठरवली. स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठाचे विभाग २०२३-२४ पासून, संलग्न कॉलेजं २०२४-२५ पासून तिच्यात आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मुख्य विषयासोबत दुसरा एखादा, शिवाय शाखेबाहेरचा, शिवाय कौशल्याचा, शिवाय गावात जाऊन करायचं काम. वाचताना मला फार बरं वाटलं होतं.

"नियम तुम्हाला माहीतच आहे," ती म्हणाली. "ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. आमच्याकडे शाखा दोन, कला आणि वाणिज्य. म्हणजे कलावाल्यांनी वाणिज्याचा घ्यायचा आणि वाणिज्यवाल्यांनी कलेचा. त्यातला कोणता? ज्याला शिक्षक आहे तो. यादीवर विषय भरपूर, वर्गात एकच. गणित आवडणारी मुलगी आजही माझ्यासमोर बसते, सर. तिला मी काय देऊ?"

सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडली. पाणी गढूळ होतं, अजून चढलं नव्हतं. ती नदीकडे बघत बोलत राहिली. "मला आयकेएसचा, म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर दिला. आठवडाभर आधी कळवलं. मी अर्थशास्त्राची, तेही घड्याळी तासाची. पूर्णवेळ माणसं सेवानिवृत्त होत गेली, त्यांच्या जागा तशाच राहिल्या. त्या जागांचे तास आम्ही घेतो. मे महिन्यात आम्ही कुणाचेच नसतो. जून-जुलैत पुन्हा मुलाखत, पुन्हा पत्र. मानधन येईल तेव्हा येईल. दोन विषय एकत्र शिकवायचे तर दोन शिक्षकांना एकत्र बसायला वेळ पाहिजे. माझा तास संपला की मला पुढची गाडी पकडायची असते, दुसऱ्या ठिकाणी तास असतो."

हे मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना जड गेलं. तरी मी मुद्दा सोडला नाही. रोग जुना आहे, म्हटलं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या नमुन्यावर निघालं. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, शिकवायचं काम जोडलेल्या कॉलेजांनी करायचं. तेव्हापासून फोर्टातल्या मुलाला आणि माळशेजच्या पायथ्याच्या मुलीला एकच पुस्तक. संलग्नतेची ही पद्धत १५ वर्षांत संपवायची असं नवं धोरण सांगतं. कॉलेजने स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः करावा. यापेक्षा आपल्याला काय हवंय?

"तेच धोरण असंही म्हणतं की संस्थेत ३,००० किंवा जास्त विद्यार्थी असावेत. आमच्याकडे तेवढे नाहीत. उद्या कॉलेजं एकत्र करायची ठरली तर एक होईल कल्याणला. टोकावड्याची पोरगी रोज कल्याणला जाईल, असं तुम्हाला वाटतं? पहिली एसटी चुकली की तिचा दिवस गेला."

शेणव्याला बरेच प्रवासी उतरले, तेवढेच चढले. किन्हवलीपर्यंत आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग तिने फाइलमधून दुरेघी वही काढली. "हे बघा. हे मात्र मला तुम्हाला दाखवायचंच होतं."

दुसऱ्या वर्षाच्या मुलीची वही. नव्या रचनेत दुसऱ्या वर्षी क्षेत्रीय प्रकल्प असतो, दोन क्रेडिटचा. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे प्रत्यक्ष ६० तासांचं काम, ५० गुण. ही मुलगी भातसा धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची. तिने टँकर मोजले होते. निळ्या शाईत तारीख, वार, टँकर आला ती वेळ, कुणाच्या घरात किती हंडे गेले, कोण रांगेत उभं होतं. जवळजवळ सगळ्या ओळींत बायका आणि दहा-बारा वर्षांच्या मुली. एका ओळीपुढे लिहिलं होतं: 'आज आला नाही. विहिरीत उतरून वाटीने भरलं.' शेवटच्या पानावर आजीला विचारलेले प्रश्न. धरण व्हायच्या आधी शेत कुठे होतं, भात किती पिकायचा, उठवलं तेव्हा कुणी काय सांगितलं होतं. त्याखाली तिने स्वतःच गणित मांडलं होतं: पाणी आणण्यात बायकांचे महिन्याचे तास किती, आणि रोजंदारीच्या दराने त्याचे पैसे किती.

मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. तानसा १८९२ सालचं धरण, तेही याच तालुक्यात. आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरवर. ही गोष्ट आम्ही व्याख्यानांत कितीदा सांगितली असेल. त्या वहीत ती पहिल्यांदा मोजलेली दिसली. इतिहास होता, अर्थशास्त्र होतं, श्रमाचा हिशेब होता, आजीची भाषा होती, आणि यातला एकही विषय तिने वेगळा काढून लिहिलेला नव्हता.

"मग?" मी जवळजवळ ओरडलोच. "हेच तर! तुझ्या-माझ्या वेळच्या बी.ए.त ही वही लिहायला जागाच नव्हती. आता आहे. नव्या अभ्यासक्रमाने दिली."

"नव्या अभ्यासक्रमाने दोन क्रेडिट दिले," ती शांतपणे म्हणाली. "वही तिने माझ्यामुळे केली. मी तीन रविवार तिच्या पाड्यावर गेले. ते माझ्या तासांत धरले जात नाहीत. वर्गातल्या बाकीच्यांचे प्रकल्प मी बघूच शकले नाही. त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेतून तयार फाइल आणली. उद्दिष्टं, गृहीतकं, निष्कर्ष, वर प्रमाणपत्राचं पान. बाहेरून तपासायला आले त्यांना ती फाइल नीटनेटकी वाटली. हिची वही हाताने लिहिलेली, तीही बोलीत. गुण कुणाला जास्त पडले असतील?"

ती पुढे म्हणाली, "तुम्ही म्हणता जागा झाली. मला दिसतं ते असं की जागा सगळ्यांना दिली आणि हात एकीलाच मिळाला."

मी गारगोटीची आठवण काढली. ती मला नेहमीच धीर देते. स्वातंत्र्यानंतर जे. पी. नाईकांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. केंद्र सरकारने १९५६ साली देशात ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था सुरू केल्या, त्यात आपल्याकडच्या गारगोटी आणि अमरावती होत्या. तीन वर्षांची ग्रामीण सेवा पदविका. सहकार, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शेती आणि गावात जाऊन करायचं काम एकाच अभ्यासक्रमात. आज ज्याला आपण आंतरविद्याशाखीय म्हणतो, ते तेव्हा खेड्यात सुरू झालं होतं, शहरात नव्हे.

"ती पदविका आज कुठे मिळते, सर?"

"मिळत नाही."

"का?"

मी खरं ते सांगितलं. केंद्राने ती पहिल्या पदवीच्या बरोबरीची मानली होती, पण मुलांना आणि त्यांच्या आईबापांना विद्यापीठाची बी.ए. हवी होती. पुढे त्यातल्या बहुतेक संस्था विद्यापीठांना जोडल्या गेल्या आणि चारचौघांसारखी कॉलेजं झाल्या.

"त्यांचं चुकलं नाही," ती म्हणाली. तिचा स्वर पहिल्यांदाच चढला होता. "माझ्या बापाने मला कशाला पाठवलं शहापूरला? जे कल्याण-ठाण्याच्या पोरांना मिळतं तेच मला मिळावं म्हणून. आता बघा काय होतं. मुंबईच्या मोठ्या कॉलेजातल्या मुलाला मायनरमध्ये संगणक, डेटा, मानसशास्त्र. आमच्या मुलींना कौशल्य म्हणून गांडूळखत आणि बांबूच्या टोपल्या. टोपली माझ्या आजीला येते. ती शिकायला तीन वर्षं फी भरायची? स्थानिक, स्थानिक म्हणता म्हणता आम्हाला जिथे आहोत तिथेच ठेवाल."

गाडीत पुढच्या बाकावरच्या एका माणसाने वळून पाहिलं.

या वाक्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. गांधीजींच्या नयी तालीमवर ज्यांनी शंका घेतल्या त्यांचीही शंका हीच होती, आणि ती खोटी नाही. मी जोतीरावांकडे वळलो. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी बहुजनांच्या शाळेत काय शिकवावं ते लिहिलं: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती, आरोग्य आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. शेती होती, पण हिशेब आणि भूगोलाच्या बरोबरीने होती, त्यांच्याऐवजी नव्हती.

"त्याच निवेदनात," ती लगेच म्हणाली, "सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊ नये, असंही त्यांनी बजावलं होतं. ते वाक्य तुम्हीच आम्हाला वर्गात वाचून दाखवलं होतं, सर. जागा न भरणं म्हणजे अंग काढून घेणंच की."

हो. मीच वाचून दाखवलं होतं.

एका गोष्टीवर मात्र आमचं थोडंफार जुळलं. नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर भिवंडी-कल्याणकडे जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दुसऱ्या सत्राची परीक्षा नेमकी त्या काळात. पूर्वी असा मुलगा एफ.वाय.त गळला की त्याच्या हातात काही उरत नसे. आता त्याचे क्रेडिट जमा राहतात. तिने हे मान्य केलं. पण मुरबाडच्या एमआयडीसीत गेटवर बारावी विचारतात नाहीतर आयटीआय, एका वर्षाचं प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, हेही ऐकवलं. शिवाय, "मुलीच्या बाबतीत 'एक वर्ष झालं, प्रमाणपत्र मिळालं, आता लग्न' असं घरचे म्हणतील. बाहेर पडायची वाट सोपी केलीत, परत यायची कोण सोपी करणार?" दिल्ली विद्यापीठात चार वर्षांची पदवी २०१३ साली आली आणि २०१४ साली मागे घेतली. त्या तुकडीच्या मुलांचं मधल्यामध्ये काय झालं असेल, हा विचार तिच्या मनातून जात नाही, असं ती म्हणाली.

सरळगाव आलं. तिला तिथे उतरून टोकावड्याची गाडी धरायची होती. आमच्या गाडीलाही थोडा वेळ होता, म्हणून मीही खाली उतरलो. फाट्यावर, नगर रस्त्याच्या कडेला चार-पाच बायका गोणपाट अंथरून बसल्या होत्या. पुढे शेवळं. पहिल्या पावसात रानात जमिनीतून कोंब वर येतात, पानं नंतर फुटतात. जांभळट-तपकिरी पापुद्र्यात गुंडाळलेल्या, पळसाच्या वाखाने बांधलेल्या जुड्या. बाजूला हिरव्या काकडांचे वाटे.

मी एक जुडी उचलली आणि तिला विचारलं, "ही कुठल्या विषयात बसते, सांग."

ती क्षणभर थांबली. मग सांगू लागली, आणि मला वर्गातली ती मुलगी पुन्हा दिसली. "तळाचा दाणेदार पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. काकडाच्या आंबट रसात शिजवलं की खाज मोडते. माझी आई काकडाशिवाय शेवळं चुलीवर ठेवत नाही. हे झालं रसायन. आई हे शाळेत न जाता शिकली, म्हणजे आयकेएसही झालं. रान कुणाचं? गौण वनउपजावरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला, म्हणजे कायदा. इथली जुडी कल्याण स्टेशनबाहेर किती पटीने विकली जाते, हे माझं अर्थशास्त्र. आधी रानभर होती, आता लांब चालावं लागतं, ते पर्यावरण."

"बघ! एक पेपर तयार झाला. आणि यात तुझ्या मुलींना रानात ठेवणारं काय आहे? यात खरं रसायन आहे, खरा कायदा आहे. उलट हा पेपर मुंबईच्या मुलांनाही द्यायला हवा, भातसाच्या टँकरसकट. पाणी ते पितात."

"पेपर झाला, सर. पण आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र नाही. वनस्पतिशास्त्र नाही. कायदा शिकवणारं कुणी नाही. हे मी एकटीने शिकवलं तर ती माहिती होईल, विषय होणार नाही. स्फटिक मुलीला सूक्ष्मदर्शकाखाली दिसला पाहिजे. आई सांगते ते खरं आहे की नाही, हे तिने स्वतः तपासलं पाहिजे. आईची परीक्षा घ्यायची ताकद आली, तर मी म्हणेन शिक्षण झालं."

मी म्हटलं, तालुक्यात विज्ञान असलेलं कॉलेज आहे. दोन कॉलेजांनी मिळून हा पेपर चालवावा, शनिवारी मुलींना प्रयोगशाळेत न्यावं. ती म्हणाली, त्यासाठी दोन्हीकडे कायमचा एकेक माणूस हवा, जो पुढच्या जूनमध्येही तिथेच असेल. आणि मुलींच्या गाडीभाड्याची सोय. एवढं झालं तर ती स्वतः पहिला अभ्यासक्रम लिहून देईल, असं तिने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मी लिहायला बसेन म्हणालो. तिने मान हलवली, पण ती काही माझ्या बाजूची झाली नव्हती. मीही पूर्ण तिच्या बाजूचा नाही. मला आजही वाटतं की ही चौकट मोडू नये, तिच्यात आपलं भरावं. एवढं मात्र त्या प्रवासात पक्कं झालं: दोन विषय एकत्र येतात ते शिक्षकाच्या डोक्यात आणि शिक्षकांच्या खोलीत. शिक्षक दरवर्षी बदलत असेल तर क्रेडिटचा कुठलाही तक्ता ते काम करू शकत नाही. शासनाने आधी जागा भरायला हव्या होत्या आणि मग चौकट आणायला हवी होती. क्रम चुकला, आणि त्याची किंमत शहापूर-मुरबाडची मुलं देत आहेत.

टोकावड्याची गाडी आली. चढताना तिने सांगितलं की तिच्या कॉलेजात प्रवेश सुरू झाले आहेत, वेळापत्रकात तिच्या नावाचे तासही लागले आहेत. तिचं यंदाचं नेमणूकपत्र अजून यायचं होतं.

तुमच्या घरातलं कुणी यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला जाणार असेल तर प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जा. माहितीपुस्तकात छापलेल्या यादीतले किती विषय खरोखर शिकवले जातात आणि ते शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा.